दुभाजकावरची बुइक

सोमवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी अर्लीन फॉन्टेनेटचा फोन कोकलला. पडद्यावर काउंटीचं नाव होतं आणि खाली एकच ओळ: अचानक पुराचा इशारा, संध्याकाळी सहापर्यंत. अर्लीनने राजम्याखालची आच बारीक केली, एप्रन खुंटीला टांगला, दाराजवळच्या वाडग्यातून किल्ली उचलली आणि ती बाहेर पडली.

जागा तिने पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवली होती. वसाहतीच्या फाटकातून आत आलं की रस्ता दुभंगतो आणि मधला गवताचा पट्टा रस्त्यापासून चांगला हातभर उंच जातो. शेवटाकडे त्याची दगडी कड उतरती आहे, तिथून चाक अलगद चढतं. नवऱ्याची जुनी बुइक तिने तिथून वर घेतली, हँडब्रेक ओढला, पुढची चाकं वळवून ठेवली. वसाहतीने जानेवारीसाठी लावलेली पॅन्झीची जांभळी-पिवळी रोपं गाडीखाली गेली. ती तिला दिसली नाहीत असं नाही. रोपं पुन्हा लावता येतात.

परत येताना तिने दोन दारं ठोठावली. पहिलं उघडलंच नाही, दारावरच्या कॅमेऱ्यातून एक बाई म्हणाली, "मी मीटिंगमध्ये आहे." दुसरं मिस्टर व्हिटफील्डचं होतं. तो वसाहतीच्या समितीचा चिटणीस.

"गाडी वर काढा तुमची," अर्लीन म्हणाली. "माझ्यामागे अजून चार गाड्यांची जागा आहे."

"वर म्हणजे कुठे, मिस अर्लीन?"

"मधल्या पट्ट्यावर. लवकर करा, नंतर जागा राहत नाही."

व्हिटफील्डने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे. "तुमची मुलगी घरात आहे का?" त्याने विचारलं.

पाऊस चाळीस मिनिटं पडला. रस्त्याच्या कडेने पाणी वाहिलं, जाळीत गेलं आणि संपलं. पट्ट्याच्या निम्म्या उंचीपर्यंतसुद्धा आलं नाही. पाच वाजता अर्लीन गाडी खाली घ्यायला गेली तेव्हा पट्ट्यावर चाकांच्या दोन खोल चऱ्या होत्या आणि गाडी नव्हती. समितीने ती उचलून नेली होती. वसाहतीच्या फोनवरच्या गटात तिचा फोटो तोवर सगळ्यांनी पाहिला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "बिचारी. देव तिचं भलं करो." अटलांटात हे वाक्य कुणाचं भलं व्हावं म्हणून म्हणत नाहीत.

अर्लीन एकाहत्तर वर्षांची होती. त्यातली सत्तावीस वर्षं तिने न्यू ऑर्लिन्समध्ये शहर बस चालवली. गुडघाभर पाण्यातून चाळीस माणसांची बस कशी न्यायची, कुठल्या चौकात खड्डा आहे आणि कुठल्या चौकात खड्ड्यात खड्डा आहे, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिचं गाव बशीसारखं आहे. पाऊस आत पडतो आणि पंपाने बाहेर फेकावा लागतो. पंप चालले तर ठीक. म्हणून आभाळ भरून आलं की सगळा मोहल्ला न बोलता एकच काम करतो: गाड्या मधल्या उंच पट्ट्यावर चढवतो. त्या पट्ट्याला तिथे न्यूट्रल ग्राउंड म्हणतात. एरवी तिथे गाडी लावली तर दंड होतो. अशा दिवशी पोलीस स्वतःची गाडी आधी लावतो. पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात अर्लीनने एकदाच आळस केला होता. दुसऱ्या दिवशी सीटवर बेडूक बसला होता. त्यानंतर आळस नाही.

अटलांटाला ती स्वतःच्या हौसेने आली नव्हती. साडेतीन वर्षांपूर्वीच्या वादळानंतर अकरा दिवस वीज नव्हती. नवव्या दिवशी तिचा नवरा अल्साइड खुर्चीत बसल्याबसल्या गेला. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय लिहिलं. मुलगी डॅनेटने मात्र उकाडाच धरला आणि तो सोडला नाही. "मम्मा, तू इथे ये," हे वाक्य ती तीन वर्षं दर आठवड्याला म्हणत राहिली. हजार फूट उंचीवरचं शहर. चांगली इस्पितळं. आपली काळी माणसं मोठमोठ्या जागांवर. गाणं, नाटक, खाणं, जे म्हणशील ते. शेवटी गेल्या ऑगस्टमध्ये आणखी एका वादळाची बातमी आली आणि अर्लीनने आपल्या घराला कुलूप लावलं. घर जोडघर होतं. दुसऱ्या अर्ध्यात तिची नणंद ओडील राहायची. किल्ली ओडीलकडे दिली, बुइकमध्ये दोन बॅगा, पातेली आणि राजम्याची दहा पाकिटं भरली आणि सात तास गाडी चालवत ती आली.

डॅनेट खोटं बोलली नव्हती. सगळं होतं. फक्त ते घरापासून तीस मैलांवर होतं आणि ते तीस मैल दीड तासाचे होते.

त्या सोमवारी रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर राजमा-भात तसाच निवत होता. जावई कर्टिस गाडी सोडवून आणून हात धूत होता. तो शिकागोचा; भांडणात शक्यतो पाण्याचा नळ चालू ठेवायचा.

"मम्मा, तुला तेव्हा माहीत होतं का, तू कुठे आहेस ते?" डॅनेटने विचारलं. आवाज तिने मुद्दाम हळू ठेवला होता. इस्पितळात ठेवतात तसा.

"तुझ्या घरासमोर."

"म्हणजे कुठल्या गावात?"

"डॅनेट, मी गाडी हलवली. डोकं नाही."

"इथे पूर येत नाही, मम्मा."

"मग फोन कशाला ओरडला? मी ओरडायला सांगितलं होतं त्याला?"

कर्टिसने नळ बंद केला. "तो नदीकाठच्या लोकांसाठी असतो, मिस अर्लीन. आपल्याला पण येतो एवढंच."

"मग आपल्याला पाठवू नका म्हणावं. पाठवलं तर मी गाडी हलवणार."

"लोकांची दारं ठोठावलीस तू," डॅनेट म्हणाली. "व्हिटफील्डने मला ऑफिसात फोन केला. तुझी आई बरी आहे ना, म्हणाला. काय सांगू मी?"

"सांग की बरी आहे. तोच जरा मंद आहे."

डॅनेट हसली नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये अठरा वर्षं काढलेली मुलगी. तिने लहानपणी बापाच्या मांडीवर बसून गाडी पट्ट्यावर चढताना पाहिली होती, मागच्या काचेतून पाण्यावर तरंगणारे कचऱ्याचे डबे मोजले होते. ती सगळं समजून होती. तरी तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "किल्ली दे. डॉक्टर बघेपर्यंत माझ्याकडे राहू दे."

अर्लीनने किल्ली दिली. बसडेपोत वरिष्ठाने गाडी बाजूला लाव म्हटलं की ती आधी लावायची आणि मग वाद घालायची. इथे वाद घालायला कुणी उरलं नाही. किल्ली डॅनेटच्या पर्समध्ये गेली आणि पर्स रोज सकाळी सात वाजता ऑफिसात जाऊ लागली.

पुढचे दोन आठवडे अर्लीनने पायी काढले. वसाहतीत पदपथ होता, तो फाटकाशी संपत होता. फाटकाबाहेर सहापदरी रस्ता. बसथांबा पाऊण मैलावर. बस पन्नास मिनिटांनी. ती एकदा गेली. चालकाला "सुप्रभात" म्हणाली. चालक म्हणाला, "कार्ड." तिने कार्ड दाखवलं आणि पुन्हा "सुप्रभात" म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिच्या बसमध्ये नमस्काराशिवाय चढलेला माणूस एक तर चोर असायचा किंवा पर्यटक. चालकाने या वेळी मान हलवली.

वसाहतीतही तेच. संध्याकाळी गाड्या यायच्या, गॅरेजची दारं वर जायची, गाड्या आत, दारं खाली. माणूस दिसायचाच नाही. प्रत्येक घराला पुढे ओटा होता, ओट्यावर दोन खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर उशा होत्या, आणि उशांवर कुणी कधी टेकलं नव्हतं. अर्लीन डॅनेटच्या ओट्यावर बसली. तिसऱ्या दिवशी व्हिटफील्ड कुत्रा फिरवताना थांबला आणि म्हणाला, "कुणाची वाट बघताय का?"

सोमवारी ओडीलचा फोन यायचा. तिची पद्धत ठरलेली होती: आधी चांगलं, मग वाईट.

"काय गं, जिवंत आहेस की त्या डझनभर पीचट्री नावाच्या रस्त्यांत हरवलीस?"

"हरवायला गाडी लागते. मी घरात आहे."

"चांगलं सांग."

"नळाचं पाणी उकळावं लागत नाही."

"वाईट?"

"ज्या कॉफीसाठी उकळायचं ती इथे मिळत नाही."

"आमच्याकडे कालपासून पुन्हा उकळा म्हणतायत," ओडील म्हणाली. "लाइट दोनदा गेली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात कुणीतरी ख्रिसमसचं झाड रोवलं होतं ना, त्याला आता कार्निव्हलच्या जांभळ्या-हिरव्या माळा घातल्यात. नगरपालिकेचा माणूस आला, त्याने फोटो काढला, गेला."

"खड्डा बुजवला नाही?"

"झाड छान दिसतंय, कशाला बुजवेल? पुढे सांग. चांगलं."

अर्लीनने विचार केला. "परवा वीज गेली होती. चाळीस मिनिटांत आली."

"बाई गं. वाईट?"

"चाळीस मिनिटं सगळे आपापल्या घरात बसले. कुणी बाहेर आलंच नाही."

ओडीलने चुकचुक केलं. मग म्हणाली, "किल्ली कधी देते तुझी लेक?"

"बुधवारी डॉक्टर आहे."

"नापास झालीस तर?"

"मग तुझ्या शेजारचं माझं घर विकून टाकू, लेक-जावई म्हणतायत. मला तरी कुठे यायचंय परत, नाही का? गाडीच नाही."

हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. फोन ठेवल्यावर तिने राजमा ढवळला. पाकिटं दोन उरली होती.

बुधवारी दवाखान्यात डॉक्टर अॅबरनथी नावाची तरुण बाई होती. तिने खुर्ची अर्लीनच्या जवळ ओढली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. अर्लीनचे कान उत्तम होते.

"मिस फॉन्टेनेट, मी काही सोपे प्रश्न विचारणार आहे. आज वार कोणता?"

"बुधवार. अठ्ठावीस जानेवारी. पुढचा प्रश्न साल असेल तर तेही सांगते."

साल झालं, शहर झालं, राज्य झालं, काउंटी झाली. शंभरातून सात-सात वजा करून झालं, अर्लीन दोनवर येऊन थांबली आणि म्हणाली, "पुढे उण्यात जाऊ का?" तीन शब्द लक्षात ठेवून झाले. डॅनेट कोपऱ्यात पर्स मांडीवर धरून बसली होती.

"छान. आता ऋतू कोणता चालू आहे?"

"कार्निव्हल," अर्लीन म्हणाली.

डॉक्टरचा पेन थांबला. "पुन्हा विचारते. वर्षातला कोणता ऋतू?"

"सहा जानेवारी होऊन गेली. मार्डी ग्राला वीस दिवस आहेत. कार्निव्हल."

डॉक्टरने मान हलवून काहीतरी लिहिलं. अर्लीनने कोपऱ्याकडे पाहिलं. न्यू ऑर्लिन्सचं कुठलंही पोर हेच उत्तर देतं. सहा जानेवारीला केक कापायला सुरुवात होते, केकमधली प्लॅस्टिकची बाहुली ज्याच्या वाट्याला येईल त्याने पुढचा केक आणायचा, आणि मार्डी ग्रा, म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस, उलटून उपासांचा राखेचा बुधवार येईपर्यंत दुसरा ऋतू तिथे नसतो. थंडी असते, पण थंडी म्हणजे काही ऋतू नव्हे. डॅनेटला हे ठाऊक होतं. डॅनेट पर्सच्या साखळीकडे बघत होती.

"गाडी त्या पट्ट्यावर का लावली होती, सांगाल?"

"पुराचा इशारा आला म्हणून."

"पाणी आलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"पाणी बघून गाडी हलवणाऱ्याची गाडी जाते, डॉक्टर."

हेही लिहिलं गेलं. मग डॉक्टरने विचारलं, "इथून घरी कसं जाल ते सांगू शकाल?"

अर्लीन खुर्चीत जरा सरळ झाली. "वाहनतळातून डावीकडे निघू नका, तिथला सिग्नलचा दिवा फार वेळ धरतो. उजवीकडे निघा, चर्चच्या मागून वळा. मोठ्या रस्त्याला लागलात की मधल्या लेनमध्ये राहा. उजवी लेन बसथांब्यापाशी अडते, डावी तीन दिव्यांनंतर संपते आणि पाटी झाडामागे आहे. रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, ते नाही म्हणतात, पण भिंतीवर खूण आहे. पुलानंतर दुसरा पीचट्री घ्यायचा, पहिला नाही. तेवीस मिनिटं. माझी लेक फोन सांगतो तसं जाते. तिला अडतीस लागतात."

डॉक्टर पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलली. "मला हा चर्चमागचा रस्ता माहीत नव्हता."

निकाल मात्र तिने डॅनेटला सांगितला. तीसपैकी एकोणतीस. ऋतूचा एक गेला. वयाच्या मानाने उत्तमच. पण पट्ट्यावरच्या त्या प्रकारामुळे गाडीबाबत ती स्वतः काही लिहून देणार नाही. कुटुंबाने ठरवावं.

वाहनतळात डॅनेटने गाडी उघडली, पण दोघी बसल्या नाहीत. अर्लीन छपराच्या पलीकडून म्हणाली, "ऋतू कोणता?"

"मम्मा, पुरे."

"मी एकच प्रश्न विचारतेय. आज अठ्ठावीस जानेवारी. कोणता ऋतू चालू आहे?"

डॅनेटने ओठ दाबले. "कार्निव्हल," ती म्हणाली.

"मग आत तोंडात काय धरलं होतंस?"

शेजारच्या गाडीत एक माणूस बसला आणि निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत डॅनेट त्या गाडीकडे बघत राहिली. मग भराभर बोलली. "पूर्ण तीस मिळाले असते तर किल्ली द्यावी लागली असती. किल्ली दिली तर तू एक दिवस निघशील. मला माहितेय. मी ऑफिसात असेन आणि तू सात तास गाडी मारून त्या घरात जाऊन बसशील. आणि मग वादळ येईल. पुन्हा अकरा दिवस. रस्ते उघडल्यावर येऊन मी पुन्हा ते दार उघडणार नाही, मम्मा. नासलेल्या फ्रिजच्या त्या वासात."

अर्लीनला यावर बोलण्यासारखं बरंच होतं. अल्साइडजवळ नऊ दिवस ती बसली होती, डॅनेट नव्हती. वर्तमानपत्राने वारा तिने घातला होता. ते तिने काढलं नाही.

"तू मला वेडी ठरवलंस," ती म्हणाली. "त्या पोरीसमोर. व्हिटफील्डसमोर. मी परत जाऊ नये म्हणून."

"हो."

"मग तसं सांगायचं. मम्मा, जाऊ नको, असं. मी ऐकलं असतं असं नाही. पण भांडण तरी धड झालं असतं."

डॅनेट रडेल असं अर्लीनला वाटलं. ती रडली नाही. तिने पर्समधून बुइकची किल्ली काढली, छपरावर ठेवली आणि पलीकडे सरकवली. "निघायचं झालं तर आधी सांगायचं," ती म्हणाली. "चिठ्ठी नाही. फोन नाही. तोंडावर."

"सांगेन."

"आणि पट्ट्यावर लावायची नाही."

"ते बघू."

घरी येताना गाडी अर्लीननेच चालवली. चर्चमागून. डॅनेट दोनदा म्हणाली की फोन वेगळं सांगतोय. अर्लीन दोनदा म्हणाली की फोनला चालवू दे मग. तेवीसऐवजी एकतीस मिनिटं लागली, कारण पुलापाशी अपघात झाला होता, आणि डॅनेटने ते बोलून दाखवलं. फाटकातून आत वळताना अर्लीनचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पट्ट्यावर नवी पॅन्झी लावली होती. आणि उतरत्या कडेच्या तोंडाशी, गाडी जिथून चढते नेमकं तिथे, समितीने पांढरे दगड ओळीने बसवले होते. कंबरेइतके. सहा.

"पैसे आहेत यांच्याकडे," अर्लीन म्हणाली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता, फोन पुन्हा कोकलला. अर्लीनने एप्रन काढला. किल्ली घेतली. डॅनेटला फोन करून सांगितलं, "मी निघालेय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "कुठे?"

"सुपरमार्केट. त्यांचा वाहनतळ तीन मजली आहे."

"मम्मा..."

"पट्ट्यावर लावायची नाही म्हणालीस. वर लावायची नाही असं नाही म्हणालीस."

तिने खाली एक पाव घेतला. तो तिला हवा तसा नव्हता. इथले पाव आतबाहेर सारखेच मऊ. मग बुइक घेऊन ती वळणावळणाने वरच्या मजल्यावर गेली आणि मधोमध उभी केली. मजला पूर्ण रिकामा होता. तिच्या गावी या वेळी पट्ट्यावर एकाला एक चिकटून गाड्या लागल्या असत्या, कुणाच्या तरी टपावर छत्रीखाली कोंबडीच्या तंगड्यांचा डबा उघडला असता, आणि पंप चालू आहेत की नाहीत यावर पैजा लागल्या असत्या. इथे पाऊस होता, पांढरे पट्टे होते आणि अठ्ठ्याऐंशी मोकळ्या जागा होत्या. तिने मोजल्या.

वीस मिनिटांनी रखवालदार आला. पन्नाशीचा, पिवळ्या रेनकोटातला. त्याने काच ठोठावली.

"सगळं ठीक आहे ना, मॅडम?"

"सुप्रभात," अर्लीन म्हणाली.

तो गोंधळला. "सुप्रभात. खालच्या मजल्यावर छप्पर आहे, मॅडम. इथे तुम्ही भिजाल."

"मला छप्पर नको. उंची हवी. पुराचा इशारा आहे."

त्याने कठड्यावरून खाली पाहिलं. सहापदरी रस्ता ओला होता आणि गाड्या नेहमीसारख्या अडल्या होत्या. "इथे पाणी येत नाही," तो म्हणाला.

"मला सगळ्यांनी सांगितलंय."

"ही जागा ग्राहकांसाठी आहे. दोन तास."

अर्लीनने पावाची पावती खिडकीतून पुढे धरली. त्याने ती वाचली, वेळ पाहिली आणि घड्याळाशी ताडून बघितली. "एक वाजेपर्यंत आहात तुम्ही," तो म्हणाला, मग स्वतःच हिशेब चुकल्यासारखा थांबला. "एक पाचपर्यंत."

"तोवर पाऊस थांबेल," अर्लीनने सांगितलं आणि काच वर घेतली.

पाऊस एक वाजून दहा मिनिटांनी थांबला. पाच मिनिटं आधीच, पावतीची वेळ संपताच, रखवालदार जिन्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याला बघताच अर्लीनने गाडी सुरू केली, वायपर लावले आणि खाली जाऊन पुढच्या दोन तासांसाठी दुसरा पाव घेतला.